लाल शाई, निळी टिक

ठाण्याच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय 43, नोकरी करतात, मुलगा नववीत. पत्र बरंच मोठं आहे, त्यातला गाभा असा:

"आमच्या घराण्याचा 62 जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. कऱ्हाडचे माझे काका, वय 77, निवृत्त प्राथमिक शिक्षक, त्यावर रोज पहाटे साडेपाचला देवाचा फोटो टाकायचे आणि दिवसभरात पाच-सहा फॉरवर्ड. मध्यंतरी त्यांनी 'आपल्या राष्ट्रगीताला युनेस्कोने जगात सर्वोत्तम ठरवले, अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा' हा मजकूर टाकला. मी खाली लिहिलं, 'काका, हे कित्येक वर्षांपूर्वीचं खोटं आहे. पाठवण्याआधी जरा तपासत जा ना.' सोबत एक लिंकही दिली. पोराटोरांनी त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावली. काका ग्रुप सोडून गेले. नऊ दिवस कुणाच्या लक्षातही आलं नाही. इंदूरच्या आत्यानं 'सकाळचा देव का दिसत नाही हो?' असं विचारलं, तेव्हा कळलं. मी त्यांना 'सॉरी काका' असा वेगळा मेसेज केला. दोन निळ्या टिक आल्या, उत्तर नाही. याला आता तीन आठवडे झाले.

हेच काका लहानपणी मला पत्रं लिहायचे. मी त्यांना पोस्टकार्ड टाकायची आणि ते माझ्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईनं लिहून अंतर्देशीय पत्रातून पाठवायचे. इतकं सुंदर लिहिणारा माणूस आज दुसऱ्यांचा कचरा पुढे ढकलतो, याचं वाईट वाटतं. मोबाइलनं माणसं बिघडवली, दुसरं काय! गणपतीत सगळे कऱ्हाडला जमणार आहोत. चूक नसताना मी माफी मागायची का? शिवाय भाऊ म्हणतो, ग्रुपला नियमच लावू. शुभ सकाळ बंद, फॉरवर्ड बंद. लावावेत का?"

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच शब्दाशी अडखळले. अंतर्देशीय.

तुमच्या वयावरून तो 15 पैशांच्या पोस्टकार्डाचा काळ असणार. पोस्टकार्ड म्हणजे उघडा मामला. पोस्टमन वाचणार, जिन्यात भेटलेले बिऱ्हाडकरू वाचणार, 'तुमचं कार्ड चुकून आमच्याकडे आलं' म्हणत शेजारच्या काकू आणून देणार तोवर त्यांचंही वाचून झालेलं. अंतर्देशीय त्याच्या कितीतरी पट महाग. प्राथमिक शिक्षकाच्या पगारात ते जाणवतंच. मग काका चुकांची यादी पोस्टकार्डावरच का लिहीत नसत? जागा तर तेवढीच लागली असती. मला एकच कारण दिसतं. अंतर्देशीयाला घड्या पडतात, कडा डिंकानं चिकटतात आणि ते बंद होतं. दहा वर्षांच्या मुलीनं 'आशीर्वाद' ऱ्हस्व लिहिला, हे पोस्टमनला कळायची गरज नव्हती.

तुम्ही मात्र त्यांची चूक पोस्टकार्डावर लिहिलीत, 62 पोस्टमनांच्या देखत.

चूक नसताना माफी मागायची का, या तुमच्या प्रश्नात एक गृहीत धरलेलं आहे. मुद्दा खरा असला की तो मांडणाऱ्याची चूक असूच शकत नाही, असं. तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. युनेस्को राष्ट्रगीतांच्या स्पर्धा भरवत नाही आणि हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅप येण्याच्याही आधीपासून, ई-मेलच्या दिवसांपासून फिरतो आहे. त्याबद्दल माफी मागायची काहीच गरज नाही. मागायची ती जागेबद्दल आणि त्या 'तपासत जा ना'बद्दल. ज्या माणसानं उभा जन्म वह्या तपासण्यात घालवला, त्याला 'तपासत जा'! तुमच्या मनात तसं काही नसणार, हे मला कळतं. टाइप करताना तो शब्द सहज आला असेल. पण मास्तरांना तो कुठे लागला असेल, याचा जरा विचार करा.

आता मोबाइलनं माणसं बिघडवली, या तक्रारीकडे येते. काकांची जुनी पत्रं जवळ असतील तर काढा. नसतील तर घरातली कुणाचीही काढा. माझ्या वडिलांची चाळीसेक पत्रं माझ्याकडे बिस्किटांच्या डब्यात आहेत. वर मध्यभागी श्री. मग 'अनेक आशीर्वाद, वि. वि. इकडील सर्व क्षेम, तुमचे कुशल कळवणे.' शेवटी 'मोठ्यांस सा. न., लहानांस आशीर्वाद, कळावे.' मधे बातमी म्हणाल तर दोन ओळी. 'विहिरीला पाणी बरे आहे. गाय व्याली, कालवड झाली.' संपलं पत्र. चाळीसपैकी तीस पत्रांत कालवडीचीही बातमी नाही, नुसतंच क्षेम. तरी पत्र आलं की आई ते दोनदा वाचायची आणि हातात धरून बसायची. श्री नसलेलं पत्र आलं, की कुणीतरी गेलं हे वाचण्याआधीच कळायचं. ते वाचून फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही.

तारांचं तर विचारूच नका. शुभेच्छांच्या तयार वाक्यांची क्रमांक घातलेली यादीच तार ऑफिसात असे. नुसता क्रमांक सांगायचा, पलीकडे पूर्ण वाक्य उमटायचं. माझ्या लग्नात आलेल्या तारांपैकी निम्म्यांवर अक्षरशः एकच वाक्य होतं. आम्ही त्या कौतुकानं जपून ठेवल्या. 2013 च्या जुलैत तारसेवा बंद झाली तेव्हा त्या काढून पुन्हा पाहिल्या. दुसऱ्यानं रचलेलं वाक्य पाठवल्याबद्दल कुणावर रुसावं, असं तेव्हाही वाटलं नाही.

आणि ती साखळीपत्रं? कुठल्या तरी देवीच्या किंवा बालाजीच्या नावानं पोस्टकार्ड यायचं, अशीच अकरा पत्रं लिहून पाठवा. एकानं लिहिली, त्याला लॉटरी लागली. दुसऱ्यानं फाडलं, त्याची म्हैस मेली. आमच्याकडे म्हैस नव्हती, तरी आजी घाबरायची आणि लिहिण्याचं काम माझ्याकडे यायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाटावर बसून मी अकरा-अकरा फॉरवर्ड हातानं लिहिलेले आहेत, ताई. तेव्हा मोबाइल नव्हता आणि मला बिघडवणारी माझी सख्खी आजी होती.

तुमच्या आठवणी खोट्या ठरवायला मी हे सांगत नाही. काकांच्या पत्रातलं जे तुम्हाला आजही आठवतं, ते क्षेमकुशल नाहीच, ती लाल शाई आहे. ती त्यांनी फक्त तुमच्यासाठी वापरली होती. बाकी मजकूर साच्यातलाच असणार आणि तो तसा असायला हरकतही नव्हती. त्याचं काम वेगळं होतं. मी आहे, तुम्ही आहात ना? सकाळचा देव हेच काम करतो. ती हजेरी आहे.

माझे सासरे 84 वर्षांचे आहेत. पहाटे सव्वापाचला त्यांच्या खोलीत मोबाइलचा उजेड पडतो. चष्मा कपाळावर, फोन नाकापासून चार बोटांवर, उजव्या हाताची तर्जनी हवेत थांबलेली. चहा नंतर. आधी फोटो निवडायचा. त्यांच्याकडे वारांप्रमाणे फोटो आहेत: सोमवारी शंकर, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती. ते पंधरा जणांना एकेक करून पाठवतात, कारण एकदम पाठवणं त्यांना बरं वाटत नाही. एका गुरुवारी बोट घसरलं आणि दत्ताऐवजी मारुती गेला. पाच मिनिटांत मिरजेहून त्यांच्या वर्गमित्राचा फोन, "काय रे, तब्येत बरी आहे ना?" वार चुकला म्हणजे याचं काहीतरी बिनसलं, हे तिकडे ओळखलं गेलं. तोवर मीही या प्रकाराला कचराच म्हणत होते. मोबाइल भरतो, चित्रावरची अक्षरं भडक असतात, गुलाबावर नेहमी दवबिंदू असतात. हे सगळं आजही मला खुपतं. पण त्या दिवसापासून मी कचरा हा शब्द सोडला.

तुमच्या इंदूरच्या आत्यानं विचारलं, तेही तसंच. बाकी साठ जणांना नऊ दिवस पत्ता नाही, हे मात्र मला तुमच्या चुकीपेक्षा जास्त लागलं. 2022 पासून कुणी ग्रुप सोडला की त्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते, पूर्वीसारखी सगळ्यांना दिसणारी ओळ उमटत नाही. म्हणजे अ‍ॅडमिनला कळलं असणार. तुमचा अ‍ॅडमिन कोण? भाऊच असतील, तर नियमांची यादी करण्याआधी त्यांना एवढंच विचारा, काकांना फोन केला होतास का?

आता दुसरी बाजू. हजेरी चालवून घ्या म्हणताना मी फॉरवर्ड चालवून घ्या म्हणत नाही. आपल्याच राज्यात, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला 1 जुलै 2018 रोजी जमावानं पाच माणसांना ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसं, मंगळवेढ्याकडची. मुलं पळवणारी टोळी आली आहे, ही अफवा मोबाइलवरून गावोगाव पोचली होती. देशात असे प्रकार एकामागून एक घडले, तेव्हा त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. फार वेळा फिरलेल्या मजकुरावर दोन बाणांची खूण येते, तीही त्यानंतरची. 2020 पासून असा मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. ते दोन बाण काकांना दाखवून ठेवा. जाता जाता दाखवा, शिकवायला बसू नका.

म्हणून माझ्यापुरती मी अशी वाटणी केली आहे. एखाद्या मजकुरानं कुणाचा जीव, औषध किंवा पैसा धोक्यात येत असेल, तर त्याच क्षणी, सगळ्यांसमोर बोलायचं. मुलं पळवणाऱ्यांची अफवा, मधुमेहाच्या गोळ्या बंद करून अमुक पाला खा, लग्नपत्रिका म्हणून येणारी एपीके फाइल (म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल), जी उघडली की बँक खातं साफ होऊ शकतं, अशा गोष्टींना थांबायला वेळ नसतो. पण तिथेही बोलायचं ते मजकुराबद्दल. 'ही फाइल कुणीही उघडू नका' एवढं पुरतं. ती कुणी टाकली, का टाकली, हे लिहायचं नाही. ज्यानं टाकली त्याला वेगळा फोन करायचा, कारण तो बहुतेक स्वतःच फसलेला असतो. बाकी सगळं, म्हणजे युनेस्को, अमुक मंदिराचं विज्ञान, थोर पुरुषांच्या नावावर खपवलेली वाक्यं, संध्याकाळच्या फोनपर्यंत थांबू शकतं. राष्ट्रगीत सर्वोत्तम आहे असं एका शिक्षकाला वाटलं, तर त्या दिवशी कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

त्या निळ्या टिकबद्दलही दोन शब्द. तीन आठवडे तुम्ही तिच्याकडे उत्तर नाकारल्याचा पुरावा म्हणून बघता आहात. ती फक्त एवढंच सांगते, की त्या फोनवर तो मेसेज उघडला गेला. कुणी उघडला, चष्मा होता का, नातू गेम खेळताना हात लागला का, यातलं ती काही सांगत नाही. 2014 च्या शेवटाला ही निळी टिक आली आणि तेव्हापासून आपण सगळेच एकमेकांच्या दारावरचे पहारेकरी झालो. पोस्टकार्ड पोचायला चार दिवस, उत्तर यायला पंधरा, आणि त्या पंधरा दिवसांत आपण सुखानं भोवरे फिरवत असायचो. शिवाय 'सॉरी काका' याला काका काय उत्तर देणार? 'इट्स ओके'? ज्यांना पत्राला मायना आणि शेवट लागतो, त्यांच्याकडे तुम्ही दोनच शब्द पाठवलेत, आणि सॉरी कशाबद्दल तेही त्यात नाही.

नियमांचं विचाराल, तर घराच्या ग्रुपला नियमांची यादी लावणं म्हणजे दिवाणखान्यात पुणेरी पाटी ठोकणं. वाचणारा हसतो आणि ज्याच्यासाठी ठोकली तो दुखावतो. त्यातून तुमच्या भावाच्या दोन्ही नियमांचा रोख एकाच माणसाकडे जातो, हे 62 जणांना कळेल. त्रास होत असेल तर इलाज तुमच्या फोनमध्येच आहे. ग्रुप कायमचा म्यूट करा, फोटो आपोआप उतरवणं बंद करा, दिवसातून एकदा चक्कर मारा. लग्न-मुंज, आजारपण, गणपतीची वर्गणी यांसाठी दुसरा ग्रुप काढा, ज्यात फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतो. सोय तयार आहे. पहिला ग्रुप अंगणासारखा मोकळा राहू द्या.

नियम हवेच असतील, तर दोन्हीकडून असू द्यात. काकांना कधी कुणी विचारलं आहे का, की ग्रुपवर त्यांना काय खुपतं? मी पैजेवर सांगते, पोरं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात ते खुपत असणार. 77 वर्षांच्या मास्तरांना वाढदिवसाला 'एचबीडी काका' येतं, तेव्हा त्यांनी लाल पेन आवरलेलंच असतं. मलाही यादी द्यायला सांगितलीत तर माझी लांबेल. 'फोन कर' एवढंच लिहून गायब होणारे. चार मिनिटांचा आवाजी निरोप पाठवून त्यातली तीन मिनिटं 'थांब हं, कुकर बंद करते' यात घालवणारे. कुणी गेल्याची बातमी घरच्यांना फोन होण्याआधी ग्रुपवर टाकणारे. आणि त्या बातमीखाली तीस जणांचं एकसारखं 'भावपूर्ण श्रद्धांजली', त्याच्या पाठोपाठ कुणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसाचा केक. मी स्वतः मात्र फार सोवळी नाही. मागे एका मैत्रिणीच्या सासूबाई गेल्या, मी घाईत होते, 'वाचलं' म्हणून अंगठा दाबला. उभा, पिवळा, हसतमुख अंगठा! तो काढून टाकेपर्यंत तिनं पाहिला होता. ती काही बोलली नाही. दहाव्याला भेटली तेव्हा माझ्याकडे बघून तिनं नुसता अंगठा वर केला. आम्ही दोघी जिन्यात जाऊन हसलो. सगळ्यांच्या नशिबी अशी मैत्रीण नसते.

मग आता करायचं काय? गणपतीपर्यंत थांबू नका. आरतीला जमलेल्या माणसांसमोर माफी म्हणजे दुसरा तमाशा, आणि तोही पाहुण्यांपुढे. काकांना न विचारता पुन्हा ग्रुपमध्ये घालायला भावाला सांगू नका. रुसून उठलेल्याला बखोटीला धरून पंगतीत बसवल्यासारखं होईल. त्यांना अंतर्देशीय पत्र पाठवायचा मोह तुम्हाला हे वाचताना झालाच असेल. जरूर पाठवा, पण नंतर. तीन आठवडे आधीच गेले आहेत, त्यात टपालाचे दिवस कशाला घालता?

फोन करा. दुपारी एक ते चार नको, दिवेलागणीनंतर, सातच्या बातम्या संपल्यावर. ग्रुपचा विषय पहिल्यांदा काढू नका. पाऊस किती झाला, कोयनेला पाणी किती, गुडघे काय म्हणतात, हे आधी. मग सरळ सांगा, "काका, त्या दिवशी मी सगळ्यांदेखत तसं लिहायला नको होतं." इथे थांबा. पुढे 'पण' आला तर सगळं मुसळ केरात. ते गप्प राहतील, राहू द्या. 'त्यात काय एवढं' म्हणतील, तेही खरं मानू नका आणि खोडूही नका. युनेस्कोचं त्यांनी विचारलं तर सांगा, आणि विचारतीलच असा माझा अंदाज आहे, कारण मास्तरांना चूक कुठे झाली ते कळल्याशिवाय चैन पडत नाही. नाही विचारलं तर तो विषय राहिला तरी चालेल. दोन दिवसांनी ग्रुपवर तुम्ही स्वतः एक ओळ लिहा, की काकांना मी ज्या शब्दांत बोलले ते मला शोभलं नाही. अपमान तिथे झाला होता, तेव्हा एवढं तिथेच व्हायला हवं. ज्या पोरांनी हसरे चेहरे टाकले, त्यांना भाषण देऊ नका. त्यांच्याकडून एकेक फोन तेवढा होऊ द्या.

एक गोष्ट राहिली. काकांच्या मोबाइलवर फोन करू नका. नाव दिसलं की उचलायचा की नाही, हा प्रश्न त्यांना पडेल. काकूंच्या फोनवर करा आणि "काकांना द्या" म्हणा, पूर्वी शेजारच्यांकडे फोन करून माणूस बोलवायचो तसं. ते ओसरीवरून उठून येईपर्यंत अर्धं मिनिट जाईल. काकूंची हाक, टीव्हीचा आवाज, चपला सरकवल्याचा आवाज ऐकू येईल. तेवढ्यात तुमचं पहिलं वाक्य जमवून ठेवा.